बांबू शार्कच्या गळ्याखाली सूज आलीये, औषध टाकू का?

खारट_टाकी
नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

माझ्याकडे ब्राउनबँडेड बांबू शार्क आहे, मादी, नाव ठकी. अंड्यातून बाहेर आल्यापासून माझ्याकडेच आहे, लहानपणीचे ठळक पट्टे आता पुसट झालेत आणि लांबी साधारण ६५ सेंटिमीटर भरते. टाकी १२०० लिटरची, खाली गाळणीची वेगळी छोटी टाकी म्हणजे संप, फेसाबरोबर घाण काढणारा स्किमर, पाण्यात ओझोन सोडणारा ओझोनायझर, सगळं आहे. हल्ली तिच्या खालच्या जबड्याच्या मागे, म्हणजे जबडा आणि कल्ले यांच्या मधल्या भागात, पोटाच्या बाजूने फुगवटा दिसतोय. आधी वाटलं आत्ताच खाल्लंय म्हणून असेल, पण तो उतरायचं नाव घेत नाही आणि ती काचेला पोट लावून वर चढते ना तेव्हा अगदी स्पष्ट दिसतो, डावी उजवी दोन्हीकडे सारखाच. माकुलाचा तुकडा तोंडात घेते, जरा चघळल्यासारखं करते आणि सोडून देते. रात्री सगळ्या टाकीभर हुंदडायची ती आता गुहेतून जेमतेम अर्धी बाहेर येते. श्वासही जलद वाटतोय.

पाण्याचे आकडे: सॅलिनिटी रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२४, तापमान २६, पीएच ८.०, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २५. म्हणजे पाणी चांगलंय.

जिथून सामान घेतो त्याला फोटो दाखवला, तो म्हणाला परजीवी आहेत, आणि एक निळं औषध दिलं. लेबलवर कॉपर सल्फेट लिहिलंय. आज रात्री टाकू का?

अर्धा_मासा
घरात शार्क!! आमच्याकडे पालीवरून रात्रभर जागरण होतं. वाचतोय. माहितीची भर शून्य.

प्रवाळ
टाकू नका, टाकू नका, टाकू नका. ती बाटली टाकीच्या खोलीतसुद्धा ठेवू नका, कुणीतरी प्रेमाने ओतेल.

कॉपर हे हाडांच्या माशांवरच्या परजीवींसाठी चालतं कारण मासा जेवढं सहन करू शकतो त्याच्या आतच परजीवी मरतात. शार्क आणि रे (पाकट) यांच्या बाबतीत ही सोय नाही, त्यांनाच ते विषारी पडतं. शिवाय एकदा टाकलं की खडक आणि वाळू ते शोषून घेतात आणि मग बरेच दिवस थोडं थोडं सोडत राहतात, त्यामुळे "टाकून बघू, नाही जमलं तर पाणी बदलू" असं होत नाही. फॉर्मेलीन, मॅलाकाइट ग्रीन, ऑरगॅनोफॉस्फेटवाली औषधं, ही सगळी याच रांगेत धरा. गोड्या पाण्यात बुडवून काढायचा सल्ला पण कुणीतरी देईलच, तोही नको. शार्क रक्तात भरपूर युरिया साठवून ठेवते म्हणून तिचं अंग समुद्राच्या पाण्याशी जवळपास समतोल साधून असतं, अचानक गोडं पाणी मिळालं की पाणी आत घुसतं आणि सगळं गणित कोलमडतं.

आणि परजीवी म्हणजे कुठले? समुद्री पांढरे ठिपके हा हाडांच्या माशांचा रोग आहे, शार्कला सहसा धरत नाही. शार्कला त्रास देतात ते फ्लूक, म्हणजे चपटे कृमी, आणि जळवा. फ्लूक असतील तर अंग घासणं, कातडीवर धुरकट चट्टे असं दिसतं आणि त्यावर प्राझिक्वांटेल हे कृमीनाशक वापरतात. दोन्हीकडे सारखी सूज हे परजीवीचं लक्षण मला तरी वाटत नाही.

फोटो टाका. खालून काढलेला. आणि हे सांगा: खायला काय काय देता, व्हिटॅमिन देता का, कार्बन (पाणी गाळायचा कोळसा) किती वेळ चालू असतो, पाणी किती बदलता.

टाकीवाला_बंड्या
माझ्याकडे पण शार्क होती, अंगावर पांढरे ठिपके आले होते, खायचं बंद. मी तापमान हळूहळू ३० वर नेलं आणि मीठ टाकलं, खडखडीत बरी झाली. एवढं काय घाबरायचं त्यात

प्रवाळ
@बंड्या, तुमची ती गोड्या पाण्यातली पंगासियस असणार, चंदेरी, सतत काचेवर आपटणारी. तो कॅटफिश आहे. तिच्यावरचे ठिपके वेगळ्या जीवाचे आणि त्या जीवाला तापमान वाढवून उपाय होतो हे बरोबर, कारण त्याचं जीवनचक्र भराभर पुढे सरकतं आणि अंगावरून सुटून पाण्यात पोहत असतानाच औषध त्याला मारू शकतं. पण पंगासियसला खवले नसतात, औषधं तिलाही जपूनच. इथे प्राणी वेगळा, आजार वेगळा.

अर्धा_मासा
समुद्रातल्या शार्कच्या टाकीत मीठ टाका. हा सल्ला मी वहीत लिहून ठेवलाय.

टाकीवाला_बंड्या
हसा हसा. माझी बरी झाली होती हे तर खरं ना

निवांत
मी तर वाचलं होतं की शार्कला आजारच होत नाहीत, कॅन्सर पण नाही. मग ही कशी आजारी पडली?

मत्स्यगंधा
@निवांत, ती कूर्चेच्या गोळ्या विकणाऱ्यांची जाहिरात. शार्कला गाठी होतात, नोंदी आहेत. बंदिस्त पाण्यात तर बाकीचेही बरेच आजार होतात.

आता मुद्द्यावर. मी पशुवैद्यक आहे, जलचर हा माझा रोजचा विषय नाही पण एका मत्स्यालयाच्या कामात काही काळ होते त्यामुळे हे चित्र ओळखीचं वाटतंय. खारट_टाकी, तुम्ही जी जागा सांगताय, खालच्या जबड्याच्या मागे, मध्यभागी, दोन्हीकडे सारखी सूज, तिथे शार्कची थायरॉइड ग्रंथी असते. मला हा गलगंड वाटतो. पाळलेल्या शार्कमध्ये हा नेहमी दिसणारा आजार आहे, नवल नाही.

होतं असं की थायरॉइडला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं. शार्क ते खाण्यातून घेते आणि पाण्यातूनही घेते. समुद्राच्या पाण्यात एकूण आयोडीन साधारण ०.०६ मिलिग्रॅम प्रति लिटर असतं, म्हणजे तसं नगण्य, पण समुद्रात ते संपत नाही. टाकीत संपतं. स्किमर काढतो, कार्बन काढतो आणि ओझोन तर आयोडाइडचं आयोडेट करून टाकतो. पाण्यात आयोडीन आहे असं चाचणीत दिसेल पण ज्या रूपात शार्कला वापरता येतं ते रूप शिल्लक नसतं. ग्रंथीला पुरेसं मिळेना की मेंदूकडून "अजून बनव" असा हुकूम येत राहतो आणि ग्रंथी नुसती वाढत जाते. वाढून वाढून ती गिळण्याच्या आणि कल्ल्यांच्या आड येते, म्हणून तोंडात घेऊन सोडून देणं.

दुसरं कारण नायट्रेट. नायट्रेट जास्त असेल तर ग्रंथीला आयोडीन उचलताच येत नाही. हिच्या जवळच्या नातलग व्हाइटस्पॉटेड बांबू शार्कवर प्रयोग झालाय, २०११ साली प्रसिद्ध झालेला, त्यात नायट्रेट-नायट्रोजन ७० मिलिग्रॅम प्रति लिटर ठेवल्यावर पिल्लांना गलगंड झाला. म्हणून तुम्ही लिहिलेला २५ आकडा मला पटत नाहीये. ओझोनमुळे हे होऊ शकतं, पण किट कुठलं आहे? त्याच्या पत्रकावर नायट्रेट लिहिलंय का नायट्रेट-नायट्रोजन, तेवढं बघून सांगा.

गुळगुळीत_गोटा
वीज तपासलीत का? हीटर किंवा पंपाची वायर कुठे उघडी पडली की पाण्यात सूक्ष्म करंट उतरतो. आपल्याला कळत पण नाही. शार्कच्या नाकाडावर ते बारीक खड्डे असतात ना, लॉरेन्झिनीच्या कुप्या, त्यांनी ती वाळूखालच्या खेकड्याच्या स्नायूंची वीज ओळखते, मग हीटरची गळती तिला काय होत असेल विचार करा. माझ्या ओळखीत एकाची शार्क टाकीच्या एकाच कोपऱ्यात अडकून बसायची, हीटर बदलला तेव्हापासून फिरायला लागली. एक एक उपकरण बंद करून बघा. आणि गळती झाली की वीज तोडणारा सर्किट ब्रेकर नसेल तर तो आधी, तो तुमच्यासाठी, शार्कसाठी नाही.

खारट_टाकी
इतके प्रतिसाद, धन्यवाद मंडळी. बाटली परत करणार.

@प्रवाळ: माकुल आणि कोळंबी, फ्रीझरमधली, आठवड्यातून तीनदा. व्हिटॅमिन नाही देत. कार्बन कायम चालू. पाणी महिन्यातून एकदा १० टक्के. फोटो टाकतोय, ती हलते त्यामुळे धूसर आलाय.

@गुळगुळीत_गोटा: एकेक बंद करून पाहिलं, फरक नाही. ब्रेकर आहे.

@मत्स्यगंधा: पत्रक शोधलं. खाली बारीक अक्षरात एनओ३-एन लिहिलंय. म्हणजे काय?

मत्स्यगंधा
म्हणजे तुमचं किट फक्त त्यातला नायट्रोजन मोजतंय. पूर्ण नायट्रेट काढायला ४.४ ने गुणायचं. २५ गुणिले ४.४, म्हणजे ११०. बऱ्याच किट्सचे रंग पूर्ण नायट्रेटसाठी दिलेले असतात त्यामुळे सगळीकडे वाचलेले "४० च्या आत ठेवा" वगैरे आकडे त्या मापात असतात. दोन वेगळ्या मापातले आकडे शेजारी ठेवून चांगले दिसतात, हे खूप जणांचं होतं.

आणि अजून एक, रंग किटच्या शेवटच्या पट्टीला पोचला असेल तर २५ हा आकडाही खरा नसेल. टाकीचं पाणी एक भाग आणि डिस्टिल्ड पाणी तीन भाग असं मिसळून परत चाचणी करा आणि आलेला आकडा ४ ने गुणा.

अर्धा_मासा
शाळेत गणित सोडून मासे पाळायला घेतले होते मी. कुठे आणून सोडलंत.

पोक्तकाका
गैरसमज नको, पण कुणीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणतो. हा प्राणी पूर्ण वाढला की एक मीटरचा होतो. तुमच्या टाकीची रुंदी किती आहे ते तुम्ही लिहिलेलंच नाही. लिटर सांगून काय होतं, तिला वळता यायला हवं. मोठमोठ्या मत्स्यालयांनाही सगळं जमत नाही, २००४ साली अमेरिकेतल्या मॉन्टेरे बे मत्स्यालयाने एक लहान ग्रेट व्हाइट १९८ दिवस ठेवली होती, पुढे ती शेजारच्या शार्कवर हल्ले करू लागली आणि समुद्रात सोडावी लागली. हौसेपोटी शार्क घरात आणू नये हे माझं ठाम मत आहे, राग आला तर येऊ दे.

शंखिनी
काका, ग्रेट व्हाइट आणि बांबू शार्क यात काही तुलना आहे का? ग्रेट व्हाइटला पोहत राहावं लागतं, कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवायला. बांबू शार्क तळाशी निवांत पडून तोंडाने पाणी आत ओढते आणि कल्ल्यांतून बाहेर सोडते. नैसर्गिकरीत्या दिवसभर खडकाच्या खाचेत झोपणारा प्राणी आहे तो.

पण रुंदीचं म्हणणं बरोबर आहे काकांचं. मी कोरल कॅटशार्क पाळते, ती ७० सेंटिमीटरपर्यंत जाते, त्यासाठी सुद्धा मी टाकीची रुंदी शार्कच्या दुप्पट धरली होती. टाकी उंच असून काही उपयोग नाही, तळ मोठा हवा. आणि वरती जाळीचं वजनदार झाकण. या पोरी रात्री काय करतील सांगता येत नाही.

पोक्तकाका
बांबू शार्क वेगळी हे मान्य. हौस मात्र तीच आहे.

खारट_टाकी
रुंदी ७५ सेंटिमीटर. मोठ्या टाकीचं काम चालू आहे काका, त्या खोलीचा तळ एवढं वजन पेलतो का ते इंजिनियरकडून बघून घेतलं, पाणी वाळू काच मिळून तीन टनांच्या वर जाणार आहे. ती होईपर्यंत इलाज तर करायलाच हवा ना.

पातळ करून पुन्हा मोजलं. ४ ने गुणून २९ आलं. म्हणजे एकूण १२८ च्या आसपास.

पोक्तकाका
ठीक. वजनाचा विचार केलात हे आवडलं. बहुतेक लोक करत नाहीत.

प्रवाळ
मग सुरुवात पाण्यापासून. एका वेळी सगळं बदलू नका, पीएच आणि तापमान झटक्यात बदललं तर आजारी प्राण्याला तो वेगळा धक्का. दर वेळी २५ टक्के बदला, मधे एकदोन दिवस जाऊ द्या. २५ टक्के बदललं की पाऊण नायट्रेट उरतं, १२८ चं ९६, मग ७२, ५४, ४१, ३१. म्हणजे पाच बदलांत बऱ्यापैकी खाली येतंय, नवीन पाण्यात नायट्रेट नसेल तर. ते आधी मोजा, नळाच्या पाण्यातच असतं कधीकधी. मीठ आदल्या दिवशी विरघळवून, पंप लावून, तापमान सारखं करून मगच.

वाळू कशी आहे? बारीक का जाड कोरलचा चुरा? चुरा असेल तर पोटावर ओरखडे पडतात आणि तिथून जिवाणू शिरतात.

खारट_टाकी
बारीक वाळू आहे. पोट स्वच्छ आहे.

करून_बघ
आयोडीन कमी आहे तर आयोडीन द्या ना, एवढं पाणी कशाला उपसताय. जखमेला लावायचं टिंक्चर आयोडीन थेंब थेंब टाका, माझ्या मित्राने कोरलसाठी टाकलं होतं

मत्स्यगंधा
@करून_बघ, कृपया असं सांगू नका, कुणीतरी खरंच करेल. टिंक्चरमध्ये मूलद्रव्य आयोडीन आणि अल्कोहोल असतं, ते जंतू मारायला बनवलेलं आहे, ते कल्ल्यांनाही भाजेल आणि फिल्टरमधले जिवाणूही मारेल. शार्कला लागतं ते आयोडाइड. आणि नायट्रेट १२८ असताना नुसतं आयोडाइड ओतलं तर ग्रंथीच्या दारातच अडथळा आहे, म्हणून आधी पाणी.

आयोडाइड दोन मार्गांनी देतात, पाण्यात किंवा खाण्यातून. खाण्यातून दिलेलं किती पोटात गेलं ते कळतं म्हणून मला ते बरं वाटतं. मात्रा मी मुद्दाम इथे लिहीत नाही, ती वजनावर ठरते आणि आयोडीन जास्त झालं तरी थायरॉइड बिघडतो. तुमच्या जवळच्या पशुवैद्यकाला जलचरांचा अनुभव नसेल तर कुठल्यातरी मोठ्या मत्स्यालयाच्या डॉक्टरांशी त्याचं फोनवर बोलणं करून द्या, बहुतेक जण मदत करतात. सोनोग्राफी करता आली तर उत्तम. गलगंड आहे का आत पू झालाय का दुसरी गाठ आहे हे बाहेरून बघून मी शपथेवर सांगणार नाही.

ओझोन तोवर बंद ठेवा. कार्बनही.

गुळगुळीत_गोटा
शार्कची सोनोग्राफी पाण्याबाहेर काढून करतात का?

मत्स्यगंधा
गरज नाही पडत. प्रोब पाण्यात धरून, वायर जपून, करता येते, पाणीच जेलचं काम करतं. हाताळायचं झालं तर दोन माणसं, ओले हात, एक हात छातीखाली आणि एक शेपटीच्या बुडाशी, कधीही नुसती शेपटी धरून उचलू नका, मणक्याला इजा होते. जाळं नको, कातडीवरचे बारीक दातेरी खवले जाळ्यात अडकतात. मऊ प्लास्टिकचा झोळा चांगला. पाण्यातच हळूच उलटी केली की बऱ्याच शार्क काही काळ स्तब्ध होतात, तेवढ्यात गळा चाचपता येतो. पण श्वासावर नजर ठेवायची, कल्ले मंदावले की लगेच सरळ. घरी एकट्याने हे करू नका.

शंखिनी
खाण्याबद्दल मी सांगते. माझीने एकदा तोंड फिरवलं होतं तेव्हाचा अनुभव. उपाशी आहे म्हणून आपण घाबरून टाकीत तुकडे टाकत सुटतो आणि ते कुजून पाणी अजून बिघडतं. असं करू नका. बांबू शार्क बरेच दिवस उपाशी राहू शकते. अंधार झाल्यावर, लाइट बंद करून, लांब चिमट्याने तुकडा तिच्या नाकाशी न्यायचा आणि तिने पकडला की हळूच ओढल्यासारखं करायचं, पुष्कळदा हिसकावून घेते. नाही घेतला तर बाहेर काढायचा.

आणि नुसतं माकुल-कोळंबी पुरत नाही. गोठवलेल्या खाण्यात व्हिटॅमिन बी१ आणि ई कमी होत जातं आणि काही माशांमध्ये थायमिनेज असतं जे उरलंसुरलं बी१ पण फोडून टाकतं. त्यामुळे दोनतीन जातींचे मासे आलटून पालटून आणि शार्कसाठी मिळणारी व्हिटॅमिनची गोळी. गोळी द्यायची युक्ती: माकुलाचं धड नळीसारखं असतं ना, आडवी कापलेली दोन बोटं लांब नळी घ्यायची, आत गोळी सरकवायची आणि दुसऱ्या टोकातून माकुलाचीच सोंड आत कोंबून बूच मारायचं. धडाची कातडी जरा खरखरीत बाजूने बाहेर ठेवली तर चिमट्यातून निसटत नाही. माशाचा तुकडा असेल तर कल्ल्याच्या फटीत गोळी सरकवते. आयोडाइडची गोळी पण अशीच जाईल. पाण्यात विरघळायच्या आत गिळली पाहिजे एवढंच, म्हणून आधी एक रिकामा तुकडा देऊन भूक चाळवायची आणि दुसऱ्यात गोळी.

निवांत
हा प्रतिसाद वाचून मला शार्क नसल्याचं वाईट वाटतंय आणि बरंही वाटतंय.

खारट_टाकी
@शंखिनी ताई फार उपयोगी, आजच करतो. एक अवांतर प्रश्न, तिने मधे दोन अंडी घातली होती, एकटीच असते टाकीत. ती फेकून दिली तर चालतील ना?

प्रवाळ
फेकू नका लगेच! एकट्या मादीने घातलेली अंडी बहुतेक वेळा रिकामीच असतात पण नेहमीच नाही. २००१ साली अमेरिकेत ओमाहाच्या हेन्री डोरली प्राणिसंग्रहालयात बॉनेटहेड शार्कच्या टाकीत एक पिल्लू जन्माला आलं, नर नव्हताच, आणि पुढे २००७ मध्ये डीएनए तपासून सिद्ध झालं की त्यात बापाचा अंशच नाही. बांबू शार्कमध्येही नराविना पिल्लं झाल्याच्या नोंदी आहेत. अंड्यामागे टॉर्च धरा, काही आठवड्यांनी आत वळवळ दिसते का बघा.

अर्धा_मासा
बाप नाही, उलटी केली की झोपते. आमच्या घरच्यांनी हा धागा वाचू नये एवढीच प्रार्थना.

टाकीवाला_बंड्या
बाप नाही???

पोक्तकाका
म्हणजे एकाची टाकी पुरत नाही आणि वर पिल्लं पण. छान.

मत्स्यगंधा
आजारी मादीने अंडी घालत राहणं तिच्या अंगाला जड जातं, त्यामुळे खाणं लवकर सुरू व्हायला हवं. ते अवांतर बाजूला ठेवून, खारट_टाकी, पाण्याचं काय झालं?

खारट_टाकी
उशिरा लिहितोय, क्षमस्व.

नायट्रेट, पूर्ण मापात, आता ३५ च्या आसपास आहे. सगळे पाणीबदल झाले, ओझोन बंद, कार्बन काढला, स्किमर चालू ठेवला कारण तो काढायची हिंमत झाली नाही. इथल्या पशुवैद्यकांनी मत्स्यालयाच्या डॉक्टरांना फोन लावला आणि पाण्यातच सोनोग्राफी केली. दोन्ही बाजूला सारखी वाढलेली ग्रंथी, आत पोकळी किंवा पू नाही. मत्स्यगंधा म्हणाल्या तेच. आयोडाइडची मात्रा त्यांनी वजनावर काढून दिली, ताईंच्या पद्धतीने माकुलाच्या नळीतून जातंय. पहिल्या वेळी गोळी तेवढी थुंकली आणि माकुल गिळलं, हुशार आहे.

सूज मात्र तशीच आहे. मोजायला म्हणून काचेवर चढली की फोटो काढून त्याच मापाची पट्टी शेजारी धरतोय. वाढलेली नाही एवढं नक्की. किती वेळ लागतो उतरायला?

मत्स्यगंधा
महिने. ग्रंथी हळूहळू वाढलेली असते आणि हळूहळूच उतरते, जुना गलगंड असेल तर पूर्ण उतरतही नाही. वाढ थांबणं ही पहिली खूण आणि गिळायला लागणं ही दुसरी, या दोन्ही मिळाल्यात. मधल्या काळात दर आठवड्याला नायट्रेट मोजा, खाणं वाढलं की तेही वाढणार. आणि मोठी टाकी झाली की जुनी वाळू आणि फिल्टर मटेरियल तिकडे हलवा, नाहीतर नव्या टाकीत अमोनिया चढेल आणि आपण परत इथेच भेटू.

स्किमर चालू ठेवलात ते ठीक. तो थोडं आयोडीन काढतो पण बंद केला असता तर बाकी घाण साठली असती.

करून_बघ
म्हणजे माझं म्हणणं तत्त्वतः बरोबरच होतं, आयोडीन द्या

प्रवाळ
@करून_बघ, तत्त्वतः हो. बाटली चुकीची होती, क्रम चुकीचा होता आणि मार्ग चुकीचा होता.

गुळगुळीत_गोटा
नायट्रेटसाठी संपमध्ये शेवाळ वाढवायची जागा करा, उलट्या वेळेला, म्हणजे मुख्य टाकीचा लाइट बंद असताना, तिथला लाइट लावून. पाणी बदलायचे कष्ट कमी होतात. मी कीटोमॉर्फा ठेवलंय, मूठ मूठ काढून टाकतो दर आठवड्याला, तेवढं नायट्रेट त्याच्याबरोबर बाहेर जातं. पण त्या शेवाळाला पण थोडं आयोडीन लागतं हे लक्षात ठेवा, म्हणजे पुन्हा मत्स्यगंधा रागावतील.

मत्स्यगंधा
रागावणार नाही, खाण्यातून देताय ना. करा.

निवांत
अंड्यांचं काय झालं शेवटी?

खारट_टाकी
एक फिकट होऊन नरम पडलं, ते काढलं. दुसऱ्यामागे टॉर्च धरली तर पिवळा बलक गोल आणि घट्ट दिसतो, वळवळ नाही. ठेवलंय टोपलीत लटकवून.

पोक्तकाका
नव्या टाकीची रुंदी किती ते सांगा आधी.

खारट_टाकी
दोन मीटर काका. लांबी साडेतीन.

पोक्तकाका
हं. मग राहू दे अंडं.

टाकीवाला_बंड्या
सगळं वाचलं. आता माझ्याकडे रेडटेल शार्क आहे, काळी, शेपटी लाल, बोटभर. ती पण हल्ली गळ्याकडे जाड वाटतेय. तिला किती आयोडीन देऊ?

प्रवाळ
बंड्या, ती कार्प कुळातली. फोटो टाक, वेगळ्या धाग्यात. आणि तोवर काहीही टाकू नकोस. मीठ पण नाही.

टाकीवाला_बंड्या
मीठ टाकलं ना काल

अर्धा_मासा
वही काढतो.